उन्हातून आलेल्याला गूळपाणी

मी कसायाचा मुलगा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला नाक मुरडायचं त्यानं इथंच मुरडावं आणि पुस्तक मिटावं. माझं काही अडलेलं नाही. उभं आयुष्य मी मटणाचा वास, चव आणि रंग यांचं रसायनशास्त्र करण्यात घालवलं, आणि ज्या सभेत गेलो तिथं कुणी ना कुणी विचारलंच, "या विषयाकडं कसे काय वळलात?" वळलो कुठला! नळदुर्गात, हैदराबाद-सोलापूर रस्त्याला लागून आमचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजेच अब्बांचं दुकान. मी चालायला शिकलो तो दुकानाच्या ओट्याला धरून.

आज मी हे असं छाती काढून सांगतोय खरा. पण शिकून सवरून नोकरीला लागलो तरी ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ती लाज आधी ओकून टाकतो, मग पुढचं.

शाळेत नाव घालायला अब्बा मला घेऊन गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, बापाचा धंदा काय? अब्बांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "तिजारत." म्हणजे व्यापार. बाहेर आल्यावर माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "फुडंबी हेच लिहायचं. कसाई म्हटलं की लोक माणूस बघत न्हाईत, सुरी बघतात." मी तेच लिहीत गेलो. हैदराबादला कॉलेजात लिहिलं, सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली तिथल्या कागदावरही लिहिलं. त्या काळी निजामाच्या राज्यात रसायनशास्त्र आम्ही उर्दूतून शिकलो. आम्लाला आम्ही 'तुर्शा' म्हणायचो. मला ते अवघड गेलं नाही, कारण घरी अर्धी दखनी आणि अर्धी मराठी बोलतच वाढलो होतो.

प्रयोगशाळेत माझ्या नाकाचं मोठं कौतुक. मटणाचा तुकडा हुंगून मी सांगायचो, या बोकडानं कडबा खाल्लाय की बाभळीच्या शेंगा. सोबतचे म्हणायचे, याला अल्लाची देणगी आहे. देणगी कसली डोंबलाची! माझी अम्मा मागल्या अंगणात मुंडी-पाय भाजायची, वजडी धुवायची, आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायचो. पाढा चुकला तर ती काही बोलायची नाही, वास चुकला तर मात्र टपली मारायची. मटणावर बोट दाबून दाखवायची, "हे बघ, बोट चिकटतंय. ह्यो जीव दमून गेलाय." पुढं जे मी मोठमोठ्या शब्दांत लिहिलं, ते सगळं या एका वाक्यात होतं. पण तेव्हा मला ते शास्त्र वाटलं नाही, अम्माची बडबड वाटली.

एकदा अब्बा हैदराबादला मला भेटायला आले. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो तेवढ्यात आमचे बडे साहेब, प्रयोगशाळेचे प्रमुख, बाहेर पडले. त्यांनी विचारलं, "हे कोण?" मी काही सांगायच्या आत अब्बा दोन पावलं मागं सरले, वाकून सलाम केला आणि म्हणाले, "गावचा माणूस हाय साहेब. ह्येंच्या घरचा निरोप घिऊन आलतो." आणि वळून चालायला लागले. मी हाक मारली नाही. भाकरीचं फडकं हातात धरून, गावच्या माणसाकडं बघावं तसा मी माझ्या बापाच्या पाठीकडं बघत राहिलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं प्रकरण आलं.

आमच्या भागातून फौजेच्या एका छावणीला मटण जायचं. ठेकेदार एकच. तो बाजारातून काळ्या उस्मानाबादी बोकडांचे कळप घ्यायचा, गावोगावच्या कसायांकडून कापून घ्यायचा आणि मटण लॉरीनं पाठवायचा. छावणीतून तक्रार आली की मटण काळं पडतंय, हाताला चिकटतंय आणि दुपारच्या आत वास मारतंय. ठेकेदारानं लगेच हात झटकले. त्याचं म्हणणं, या भागातली बोकडाची जातच वाईट आणि कसायांचे हात घाणेरडे. मला एकट्याला एक मोठा कत्तलखाना काढू द्या आणि या कसायांचे परवाने बंद करा. चौकशी आमच्या प्रयोगशाळेकडं आली. ज्यांचे परवाने काढून घ्यायचे त्यांची यादी जोडलेली होती. यादीत अब्बांचं नाव दुसरं होतं.

अब्बांना दुसरा कुठला धंदा येत नव्हता, आणि त्या वयात कुणी शिकवलाही नसता. परवाना गेला म्हणजे सगळं गेलं. बडे साहेब म्हणाले, "तुम्ही त्याच बाजूचे ना? चला माझ्याबरोबर. निकाल तर दिसतोच आहे, नमुने तेवढे घेऊन येऊ." मी मान हलवली. हो, नुसती मान हलवली.

कोळशावर धापा टाकत चालणाऱ्या बसमधून आम्ही नळदुर्गला आलो आणि डाक बंगल्यात उतरलो. माझं घर हाकेच्या अंतरावर, आणि मी साहेबांबरोबर डाक बंगल्यात! माझं पत्र मिळताच अब्बांनी घरोघर जाऊन सांगून ठेवलं होतं की पोराची ओळख द्यायची न्हाय, त्याच्या नोकरीचा सवाल हाय. अख्ख्या गावानं पाळलं. चहावाल्यानंसुद्धा मला "नवीन दिसताय" म्हणून विचारलं आणि हसू दाबलं.

एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. अब्बांच्या स्वतःच्या दुकानातलं मटण लालबुंद, आणि त्यांनीच ठेकेदारासाठी कापलेलं काळं. तोच हात, तीच सुरी, तीच बोकडाची जात. मग फरक कशात? ठेकेदाराची जनावरं दोन दिवस उन्हातून हाकत आणायची, रस्त्याकडेच्या कुंपणाच्या वाडग्यात उपाशी कोंडायची आणि सकाळी थेट सुरीखाली. अब्बांची बोकडं मात्र एक दिवस अंगणात बसून खायची. शास्त्र मला ठाऊक होतं. जनावराच्या मांसात साखरेचा साठा असतो, मेल्यावर त्याचं आम्ल होतं, आणि त्या आम्लानं मटण लाल राहतं, टिकतं. दमलेल्या, भुकेल्या जनावराचा साठा आधीच संपलेला. आम्ल होणार कशाचं?

मग मी प्रयोग मांडला. ठेकेदाराच्या कळपातली, दोन दिवस चालून आलेली आठ बोकडं दुपारी अब्बांच्या अंगणात आणली. चार एका बाजूला, त्यांना काही म्हणजे काहीच द्यायचं नाही. चार दुसऱ्या बाजूला, त्यांना चारा, पाणी, सावली. सकाळी आठही अब्बांनी कापायची आणि संध्याकाळी मी तपासायची. सगळं ठरवताना अब्बा मला, साहेबांदेखत, "जी साहेब, व्हय साहेब" म्हणत होते. माझा बाप मला साहेब म्हणत होता आणि मी वहीत बघून लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठ नळ्यांत मी रंग टाकला. भरपूर आम्ल असेल तर पिवळा राहणारा, कमी असेल तर निळा होणारा. चार पिवळ्या आणि चार निळ्या व्हायला हव्या होत्या. आठही पिवळ्या झाल्या. मी परत टाकला. परत आठही पिवळ्या. मटण आठही बोकडांचं लालबुंद.

साहेबांनी खुशीत माझी पाठ थोपटली. "बघा! आपण डोळ्यासमोर उभे होतो म्हणून आज कसायानं हात धुतले. मटण चांगलं निघालं. म्हणजे एरवीची घाण त्याचीच. तुम्ही निकाल पक्का केलात." अब्बांना वाचवायला मांडलेल्या प्रयोगानं त्यांचाच गळा धरला होता. तपासनीस मी, सही माझी.

मी मागच्या दारानं घरी गेलो. अम्मा भाकरी थापत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं रे? बोकडं तर झ्याक निघाली म्हनं." मी चिडून म्हणालो, "झ्याक निघाली हेच तर झालं! चार उपाशी ठेवली होती. ती काळी पडायला पाहिजे होती." अम्माचा थापता हात थांबला.

"उपाशी व्हय," ती म्हणाली. "पन तहानलेली नव्हती. म्या पाजलं."

"काय पाजलंस?"

"गूळपानी. तू सांजच्याला बंगल्यावर गेल्तास तवा. जिभा बाहीर आल्या होत्या बिचाऱ्यांच्या. दोन दिस उनात चालून आली, दारात बांधली. आन् पानीबी द्यायचं न्हाय?"

आता हे आमच्याकडं कसं आहे ते सांगायला हवं. उन्हातून दारात कुणी आलं, मग तो पाव्हणा असो, टपालवाला असो की भांडायला आलेला शेजारी, त्याच्या हातावर आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवायचं. मग बोला काय ते. ही रीत गावातल्या सगळ्याच घरांतली. अम्मानं ती बोकडांना लावली होती एवढंच. बोकड खडा चघळणार नाही म्हणून ती गूळ पाण्यात कालवायची.

मी तिच्या अंगावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा. "तू माझा प्रयोग नासवलास! अब्बांचा परवाना जाणार आता, तुझ्या गुळापायी!"

अम्मा उठून उभी राहिली. पीठ लागलेलं बोट माझ्यापुढं नाचवत म्हणाली, "आवाज खाली. उनातून आलेल्याला तहानलेलं ठेवायचं, हे कुठल्या कालेजात शिकवत्यात? त्या कालेजात जाऊ नगंस मग!"

गूळ! गूळ म्हणजे साखरच की. संपलेला साठा तिनं संध्याकाळी भरून दिला होता, रातभर ती बोकडं निवांत बसली होती, आणि सकाळी त्याचंच आम्ल झालं होतं. प्रयोग नासला नव्हता. मी शोधत होतो त्याच्या पुढचं उत्तर मटणात येऊन बसलं होतं आणि मी गाढवासारखा नळ्या हलवत होतो. मी अम्माला विचारलं, "आपल्या दुकानाच्या बोकडांनाबी पाजतीस?" ती म्हणाली, "लगीन होऊन आल्यापून. तुझे अब्बा पयल्यांदा हसले होते. आता सोताच घमेलं आणून ठेवतात."

दुसरा प्रयोग करायलाच हवा होता, आणि या खेपेला असा, की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. अम्मानं बजावलं, "माझ्या दारात न्हाय. आन् दुसऱ्या चारांना नुसतं पानी तरी देशील, तरच मी येईन." तिच्या हट्टानं प्रयोग आणखी चोख झाला. तशाच उपाशी चालून आलेल्या आठांपैकी चार बोकडांना नुसतं पाणी, चार बोकडांना गूळपाणी, बाकी सगळं सारखं. जागा ठेकेदाराचंच वाडगं. तहसीलच्या पेशकाराला, म्हणजे तहसीलदारांच्या कारकुनाला, बोलावून आणलं आणि वाडग्याला कुलूप घालून किल्ली त्याच्या खिशात दिली. साहेब हसले, "गूळ? बायकांच्या गप्पा!" पण अडवलं नाही, कारण निकाल काय लागणार याची त्यांना खात्री होती. अम्मा पदर डोक्यावर ओढून घमेलं घेऊन आली, गूळ कालवला, चार बोकडांना पाजला आणि बाकीच्या चारांकडं न बघता निघून गेली.

सकाळी त्याच वाडग्यात अब्बांनी आठही कापली. संध्याकाळी पेशकारासमोर मी नळ्या मांडल्या. चार पिवळ्या, चार निळ्या. निळ्यांचं मटण काळपट, चिकट. पेशकारानं स्वतः बोट दाबून बघितलं आणि धोतराला पुसलं. मला नाचावंसं वाटलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर सुनावणी झाली. आत जाण्यापूर्वी साहेबांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "शोध उत्तम आहे. आपण तो छापू, नाव तुमचंही घालू. फक्त गुळाची कल्पना प्रयोगशाळेची, असं लिहा. आणि त्या अंगणातल्या पहिल्या प्रयोगाचं, त्या बाईचं, काही आणू नका. परवान्यांशी आपल्याला काय करायचंय?"

काय करायचंय! परवान्यांचा विषय सोडला आणि पहिल्या प्रयोगातला अम्माचा गूळ गाळला की अब्बांचे हात घाणच राहत होते. कागदावर साहेबांचा अंदाज आणि ठेकेदाराची तक्रार तेवढी उरत होती. शोध माझा झाला असता, बढतीही मिळाली असती, आणि यादीतल्या दुसऱ्या नावाचा परवाना गेला असता. समोर भिंतीला टेकून अब्बा उभे होते, हात जोडून, नजर खाली. माझ्याकडं बघायचं नाही हे त्यांनी स्वतःला बजावलेलं दिसत होतं. फाटकापाशी त्यांची पाठ बघत उभा राहिलेला मी मला आठवलो, आणि डोक्यात अशी सणक गेली की काय सांगू.

तहसीलदारांनी विचारलं, "गुळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "माझ्या आईनं. पहिला प्रयोग झाला त्या अंगणात जी बाई बोकडांना गूळपाणी पाजते ती माझी आई. आणि हे भिंतीपाशी उभे आहेत ते माझे अब्बा. मी नळदुर्गच्या कसायाचा मुलगा आहे."

साहेबांचं तोंड लाल झालं. "तुमच्या कागदावर तिजारत लिहिलंय."

"खोटं लिहिलंय. दुरुस्त करा."

"म्हणजे बापाचा परवाना वाचवायला हे सगळं नाटक!"

"म्हणूनच दुसरा प्रयोग ठेकेदाराच्या वाडग्यात केला साहेब. किल्ली पेशकारांच्या खिशात होती. आठही बोकडं याच हातांनी कापली, याच सुरीनं. हात घाण असते तर आठही काळी पडायला हवी होती. माझ्यावर विश्वास ठेवू नका. नळ्या बघा."

तहसीलदारांनी नळ्या बघितल्या. पेशकारानं जे पाहिलं ते सांगितलं. एकाचाही परवाना गेला नाही, आणि ठेकेदाराला हुकूम झाला की चालवून आणलेल्या जनावराला गूळपाणी आणि एक दिवसाची विश्रांती दिल्याशिवाय कापायचं नाही. माझी नोकरी मात्र गेली. खोटी माहिती दिल्याबद्दल. ते कारण खरं होतं, त्याला मी काय म्हणणार? शोध पुढं छापून आला, माझं नाव वगळून, अम्मा वगळून. साहेबांनी खुशाल मिरवावा. नळदुर्गात कुणालाही विचारा गूळ कुणाचा होता.

मला वाटलं होतं, अब्बा मला मिठी मारतील. कचेरीबाहेर आल्यावर ते माझ्यावर असे भडकले की रस्त्यावरचे लोक थांबले. "इतकी वरसं जपलं! एका वाक्यात घालवलंस! कुनी सांगितलं होतं तुला?" महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसलं की अम्माला सांगायचे, "त्याला इचार, अजून पायजे का."

पुढं दुसऱ्या मुलखात, एका प्रयोगशाळेत मला जागा मिळाली. कागदावर बापाचा धंदा विचारला होता. मी टाक बुडवून ठळक लिहिलं, कसाई. कारकुनानं वर बघितलं. मी म्हणालो, "शाई वाळू द्या." तिथं मी मटणावरच काम मागितलं. कुणालाच नको होतं ते, म्हणून लगेच मिळालं.

वर्षभरानं, भर उन्हाळ्यात, दुपारी मी काम करत होतो. खिडकीतून फाटकावरचा आवाज ऐकू आला. पहारेकरी कुणाला तरी हटकत होता, "ओ बाबा, कोण पाहिजे? कुठून आलात?"

आणि मग तो आवाज, बाजारात गिऱ्हाईकाला हाक मारावी तसा खणखणीत, अख्ख्या आवारात घुमला.

"साहेबाला सांग, त्येचा बाप आलाय! नळदुर्गचा कसाई!"

माझ्या हातातली नळी फुटली. फुटू दे. मी धावत फाटकाशी गेलो. अब्बा घामानं निथळत होते, काखेत भाकरीचं फडकं. सगळ्या माणसांदेखत मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. कपाटात प्रयोगासाठी ठेवलेला गूळ होता. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि पेला पुढं केला.

अब्बांनी खडा तोंडात टाकला, पाणी एका दमात प्याले, आणि माझ्या टेबलावरच्या नळ्यांकडं बघत म्हणाले, "गूळ जुना हाय रे तुझा. असलं गूळपानी तर बोकडंबी प्यायची न्हाईत."